कुकरची तिसरी शिट्टी

बसा, तिघंही. सोफ्यावर नको, तिथे या पोरी बसतील. तुम्ही खाली सतरंजीवर. चाळिशी आली म्हणून कोणाचा वर्ग सुटत नसतो. उद्या इथे म्युनिकमध्ये फिंग्स्टनच्या सणाच्या सोमवारची सुट्टी आहे, तेव्हा घड्याळाकडे बघू नका. आणि सात नंबर, हे घर तुझं, मी तुझी आई, सगळं मान्य. पण आठवी ब मध्ये पहिल्याच दिवशी तुला बजावलं होतं, वर्गात मला आई म्हणायचं नाही. आत्ता वर्ग भरलाय.

आधी तो तंबू पिशवीतून काढ आणि बाल्कनीत पसर. कालच्या पावसात भिजलेला, सकाळी तसाच कोंबलात, दिवसभर गाडीच्या डिकीत उबवलात. उद्यापर्यंत त्याला बुरशी धरेल आणि पुढच्या वर्षी कुबट वास आला की म्हणाल, कंपनीनं फसवलं.

आता शुक्रवारपासून घेऊ.

कॅम्पिंगच्या तळावर पोचायच्या आधी इझार नदीच्या पुलावर गाडी थांबवलीस, सात नंबर. खाली फ्लाउखरच्या काठाचे पांढरे गोटे, उथळ निळं पाणी, लोक पाय सोडून बसलेले. म्हणालास, "बाई, तळाला कशाला पैसे घालवायचे? इथेच तंबू ठोकू. एवढी मोकळी जागा आहे, कोण विचारतंय?" कोण विचारतंय! साताऱ्याला पोवई नाक्यावर स्कूटर लावतानाही तू हेच म्हणायचास. इथं विचारतात. बव्हेरियाच्या राज्यघटनेच्या १४१ व्या कलमानं प्रत्येकाला रानात हिंडायचा, निसर्ग बघायचा, रानातली फळं वेचायचा हक्क दिलाय. घटनेत लिहून ठेवावं असं त्यांना वाटलं, हे मला फार आवडलं. पण हिंडायचा हक्क म्हणजे मुक्काम ठोकायचा हक्क नव्हे. नदीकाठी दिवसभर लोळा, नेमून दिलेल्या जागी शेगडी पेटवा, आणि रात्री घरी जा.

कायदा ठेव बाजूला. तू माझा भूगोलाचा विद्यार्थी. ते गोटे तिथे कोणी आणले? महापालिकेनं? ही नदी तिरोलमधल्या कार्वेंडलच्या डोंगरातून येते. वर झिल्फेनश्टाइनचं धरण आहे, १९५९ साली पुरं झालेलं, म्हणून पुराला थोडा लगाम बसला. तरी २००५ च्या ऑगस्टमध्ये काय पाणी आलं होतं, ते इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार. पूर्वी या नदीला शहरात काँक्रीटच्या काठांत आवळून टाकलं होतं. २००० ते २०११ अशी अकरा वर्षं खपून यांनी शहरातल्या आठ किलोमीटरचे ते काठ फोडले, पात्र रुंद केलं, नदीला हातपाय पसरायला जागा दिली. ज्याला तू मोकळी जागा म्हणालास ती नदीची अंथरूण पसरायची जागा आहे. ती आत्ता घरी नाही म्हणून तू तिच्या अंथरुणावर मेखा ठोकायला निघालास. बरं, गोट्यांत मेख तरी धरते का? २०२४ च्या जूनअखेरीला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात अख्खं कुटुंब वाहून गेलं, तेव्हा तूच मला फोनवर म्हणाला होतास, "लोकांना अक्कल कशी नाही." मी काही बोलले नव्हते. आता बोलते.

बावीस नंबर, हसू नकोस, तुझी पाळी आलीच आहे.

तू मोटरहोम भाड्यानं आणलंस. छान. पोरांना हौस. पण गुरुवारी रात्री श्टार्नबर्गच्या तलावाकाठच्या पार्किंगमध्ये गाडी लावलीस, इथपर्यंतही ठीक. थकलेल्या ड्रायव्हरनं एक रात्र गाडीत झोपून पुन्हा चालवण्याजोगं व्हावं, एवढी सूट या देशात मिळते. तू काय केलंस? गाडीचं छत ताणलंस, खाली टेबल मांडलंस, सहा खुर्च्या, दिव्यांची माळ, वर बार्बेक्यू. अरे, त्या क्षणी तू थकलेला ड्रायव्हर राहिला नाहीस, पार्किंगमध्ये लग्नाचा मांडव घातलास. समोरच्या बंगल्यातल्या बाई येऊन बोलल्या तर त्यांना "झोपायला परवानगी आहे" म्हणून नियम ऐकवलास. झोपायला होती ना? मग झोपायचं होतंस.

आणि गाडीचं वजन? तुझा परवाना साडेतीन टनांपर्यंतचा. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चाललं, मग लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्यानं द्याव्या लागल्या. पास झाल्याचे पेढे तू साताऱ्याला पाठवलेस, मी खाल्ले. त्याच परीक्षेत ३५०० किलोचा प्रश्न असणार. असल्या गाड्या रिकाम्याच तीन टनांच्या आसपास असतात. त्यात चार माणसं, सायकली, गॅसच्या दोन टाक्या, पाण्याची टाकी काठोकाठ. शंभर लिटर पाण्याचं वजन किती? सांग. पाचवीला शिकवलंय. शंभर किलो. वर दहा किलो कणीक, कारण जर्मनीत गहू पिकत नाही अशी तुझी समजूत. परीक्षेपुरतं पाठ करायची तुझी खोड शाळेतही होती. उत्तरं बरोबर यायची आणि डोक्यात काही उरायचं नाही.

तळावरच्या भांड्यांचं मात्र मी लांबवणार नाही, मला शिसारी येते. टालकिर्शेनचा तो तळ बघा, झाडांखाली, शेजारी नदी, पलीकडे हेलाब्रुनचं प्राणिसंग्रहालय, थोडं चाललं की मेट्रोचं स्टेशन. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत अशी जागा मिळते, आणि तुम्ही पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली रश्श्याचं पातेलं घासता? असल्या तळांवर भांड्यांची जागा वेगळी, कपड्यांची वेगळी, संडासाची कॅसेट ओतायची त्याहून वेगळी. पाट्यांवर चित्रं काढलेली असतात, जर्मन यायचीही गरज नाही. नळाखालची पांढरी फरशी हळदीनं पिवळी झाली होती. मागून आलेल्या मुलीनं बाटली भरली नाही, तशीच परत गेली. मी पाहिलं. तुम्ही पाहिलं नाहीत, कारण तुम्ही फोनवर रश्श्याचा फोटो पाठवत होता.

आता शनिवार संध्याकाळ. इथे मी आवाज चढवणार आहे, पोरं आतल्या खोलीत झोपली असली तरी.

पाऊस आला. म्युनिकची उंची साधारण ५२० मीटर, म्हणजे पुण्याहून थोडी कमीच, पण दक्षिणेला आल्प्सची भिंत आहे. उन्हाळ्यात इथे बघता बघता वादळ उठतं. १२ जुलै १९८४ ला या शहरावर अशी गारपीट झाली होती की छपरं आणि गाड्या फुटून दीड अब्ज मार्कांची विम्याची भरपाई द्यावी लागली. तेव्हा आभाळ बघायची सवय लावा. पण पाऊस आला हा काही तुमचा गुन्हा नाही. पाऊस आल्यावर, सात नंबर, तू कोळशाची पेटती शेगडी उचलून तंबूत नेलीस. चेन लावलीस. म्हणालास, "पनीरही भाजेल आणि ऊबही येईल." आत कोण होतं? चार पोरं होती. त्यातली एक माझी नात.

रसायनशास्त्र माझा विषय नव्हता, तरी मला कळतं ते तुला का कळू नये? धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, नुसती झोप येते, डोकं जड होतं, आणि त्याला वाटतं दिवसभर दमलो म्हणून. ज्वाळ गेली तरी निखारा तासन् तास तो वायू सोडत राहतो. गॅसची शेगडी नेली असतीस तरी तेच. प्रोपेन गळला तर हवेपेक्षा जड म्हणून खाली, नेमका पोरांच्या अंथरुणापाशी साचतो. आणि भोवतीचं कापड नायलॉनचं, ठिणगी लागली की वितळून अंगावर गळणारं. मी ओरडून शेगडी बाहेर पावसात फेकायला लावली तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आई जरा घाबरट आहे." आहेच. घाबरट माणसांमुळेच तुझ्यासारख्यांची पोरं मोठी होतात.

साडेतीनशे वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ तळ दिलेल्या आपल्या लष्कराला पत्र लिहिलं होतं. वर्गात वाचून दाखवलं होतं, आठवतंय? दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशी बेतानं वापरा, रयतेच्या काडीलाही हात लावू नका, लागेल ते पैसे देऊन बाजारातून आणा, हे तर त्यात आहेच. पण राजा त्यापुढे जाऊन हेही लिहितो की आग सांभाळा, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. सिंहासनाच्या तयारीत असलेला माणूस उंदरानं नेलेल्या वातीचा विचार करत होता. तुम्ही दर शिवजयंतीला मंडळात फेटे बांधता. मुक्कामाचे नियम युरोपातून आलेत असं कोणी तुमच्यापैकी म्हणालं होतं का परवा? "बाई, हे जर्मन नियमांचे गुलाम आहेत." एकतीस नंबर, मान वर कर.

तुझ्यासाठीच मी एवढा वेळ थांबले होते.

पाऊस थांबला. नऊ वाजून गेले तरी आभाळ उजळ. ४८ अक्षांशावर जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड रेंगाळतो, त्यामुळे रात्र झाल्यासारखी वाटत नाही, हे मी समजू शकते. पण मनगटावर घड्याळ होतं. दहा वाजता शांततेची वेळ सुरू झाली. साडेदहाला तुमच्या अंताक्षरीत कोरस सुरू झाला, आणि तू पातेल्यावर ताल धरलास. पलीकडच्या लहानशा हिरव्या तंबूतला तो माणूस उठून आला. साठीचा असेल. सायकलवरून इझारच्या काठाकाठानं आलेला, पायात चपला, कपाळाला बांधलेला दिवा, आणि तो दिवा आपल्या डोळ्यांवर पडू नये म्हणून त्यानं हातानं झाकलेला. हळू आवाजात म्हणाला, पहाटे निघायचंय, जरा आवाज कमी करता का. तू "सॉरी, सॉरी" म्हणालास. तो वळला, चार पावलं गेला, आणि तू मराठीत म्हणालास, "हे लोक असेच. आपण चौघं एकत्र हसलेलं यांना बघवत नाही. रंग बघून बोलतात."

सगळे हसले. मीच एकटी हसले नाही.

ऐक. रंग बघून बोलणारे लोक या शहरात आहेत, हे मला सांगायची गरज नाही. भाड्याचं घर शोधताना माझ्या सुनेनं फोनवर आडनाव सांगितलं की जागा गेलेली असायची. तिनं ते चार महिने गिळलं. तो अपमान खरा होता. तुझ्यापाशी काय होतं? साडेदहा वाजता वाजणारं पातेलं. आपली चूक झाकायला तू तिचं दुःख पांघरलंस. उद्या खरोखर कोणी तिच्याशी तसं वागलं आणि तिनं तोंड उघडलं, तर ऐकणाऱ्याला तुझं पातेलं आठवेल. शब्द असे उधळू नयेत रे, वेळेला ते रिकामे निघतात.

आणि त्यांना हसणं बघवत नाही म्हणे! त्याच तळाशेजारी वोल्फ्राट्सहाउझेनहून लाकडी तराफे येऊन लागतात. वर बँड, बिअरचं पिंप, साठ-साठ माणसं गात असतात. तूच त्यांचा व्हिडिओ काढलास. पण ते दिवसा. १९९५ च्या मे महिन्यात एका बिअर गार्डनला रात्री साडेनऊलाच बंद करा असा निकाल आला, तेव्हा म्युनिकमध्ये वीस हजारांवर माणसं रस्त्यावर उतरली होती. बिअर गार्डनसाठी मोर्चा! आपल्याकडे पाण्यासाठी निघतो. त्यातून १९९९ साली नियम ठरला की अकरापर्यंत बसा, पण गाणंबजावणं दहाला बंद. मौज ज्यांना एवढी प्यारी त्यांनीच शेजाऱ्याची झोपही मोजून ठेवली. म्हणजे दहाचा आकडा तुझ्याविरुद्ध काढलेला नाही, तू सातारा सोडायच्या आधीच तो ठरला होता.

घरात तुमच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये दोन विटांची भिंत असते. तळावर एक कापड. घोरणं ऐकू येतं, नवराबायकोची कुजबुज ऐकू येते, चेन उघडल्याचा आवाज येतो. माझे वडील तीस वर्षं वारीला गेले. एका राहुटीत वीस माणसं, दाटीनं. ते सांगायचे, रात्री उठायचं झालं तर टाळ आधी फडक्यात गुंडाळून ठेवायचा, पायाला लागून वाजू नये म्हणून. दिवसभर टाळ कुटणारी माणसं ती.

आणि मग आज पहाटेचा कुकर. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघायला लवकर निघायचं, वाटेत बाहेरचं खायला नको, म्हणून खिचडी. सहाला वीस मिनिटं कमी असताना, रविवारी, ओल्या झाडांखाली, पूर्ण तळ झोपलेला असताना पहिली शिट्टी झाली. डावीकडच्या कॅराव्हॅनमधलं कुत्रं भुंकलं. दुसरी झाली, बाळ रडायला लागलं. तेव्हाच गॅस बंद करता आला असता, खिचडी काही कच्ची राहिली नसती. पण तिसरीशिवाय आपल्याला चैन पडत नाही. कुकर मी आणला नव्हता, तरी खिचडी मी खाल्ली, लिंबाचं लोणचं मागून घेऊन खाल्ली, तेव्हा त्या तिसऱ्या शिट्टीत माझाही वाटा आहे. तो मी नाकारत नाही. पुढच्या वेळी पातेल्यात शिजवायची, झाकण ठेवून, उशिरानं.

शिजवायचं कोणी, ते आता बोलू. पोरींनो, तुम्ही उठू नका.

या चाकांवरच्या घराची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? म्युनिकपासून दोनेक तासांवर आल्गॉयमध्ये इस्नी नावाचं गाव आहे. तिथल्या चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवणाऱ्या घराण्यातला आरिस्ट डेथलेफ्स धंद्यासाठी सारखा फिरतीवर असायचा. त्याची जोडीदार फ्रिडेल एडलमान चित्रकार होती. तिला मागे राहायचं नव्हतं, बरोबर हिंडून चित्रं काढायची होती. म्हणून १९३१ साली त्यानं गाडीमागं ओढायचं घर बांधलं, जर्मनीतलं पहिलं. त्या घरात तिला रंगवायला जागा होती. बाईला बरोबर न्यायचं म्हणून जन्मलेली ही वस्तू.

आणि बावीस नंबर, तुझ्या गाडीत तीन दिवस काय झालं? तुझी बायको घरी मोठ्या ओट्यापाशी उभी असते, इथे हातभर ओट्यापाशी उभी राहिली, एवढाच तिचा प्रवास. शुक्रवारी पोळ्या, शनिवारी रस्सा, रविवारी पहाटे पावणेपाचला उठून खिचडीची तयारी. तुम्ही तिघं खुर्च्यांत बसून मेखा किती कोनात ठोकाव्यात यावर चर्चा करत होता. काल तिला विचारलं, नदी पाहिलीस का गं? म्हणाली, "भांडी घासायला जाताना दिसली." ही डॉक्टरेट केलेली मुलगी आहे. माझ्या सुनेचं वेगळं सांगत नाही, ती ऐकते आहे आणि माझ्या मुलाला मीच वाढवलंय, त्याचा जाब मला स्वतःला द्यावा लागेल. कधी दिला नाही अजून.

काय? "बाई, तुम्ही पुन्हा याल की नाही?" येईन. बोटॅनिकल गार्डनजवळ मोठमोठे तंबू टाकून तरुणांना झोपायची सोय केलेली जागा आहे, १९७२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी सुरू झालेली. अनोळखी पोरं एका छताखाली जमिनीवर पथाऱ्या टाकतात, रात्री शेकोटीभोवती बसतात. तिथली एक रात्र मला बघायची आहे. म्हातारीला घेतात की नाही ते विचारून सांगा. तुम्ही बरोबर यायची गरज नाही.

एकतीस नंबर, तुला शिक्षा द्यायची होती मला. म्हटलं होतं, त्या माणसाला जर्मनमध्ये माफीची चिठ्ठी लिही, मी तपासते. पण कोणाला देणार? आज पहाटे पाचला मी जागीच होते, या वयात झोप अशीच. त्यानं तंबूची चेन उघडली ती एकेक दात सोडवत, थांबून थांबून. मेखा हातानं हलवून काढल्या. तंबूवरचं पाणी निपटलं, घडी केली. सायकलचं चाक फिरताना टकटक वाजतं ना, ते वाजू नये म्हणून मागचं चाक किंचित उचलून धरलं आणि तसंच उचलून फाटकापर्यंत चालत नेलं. तुमच्या तंबूवरून गेला. तू घोरत होतास.

त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. गाव माहीत नाही.

चला, उठा. तंबूच्या खालच्या बाजूचा चिखल ओल्या फडक्यानं पुसायचा, साबण लावायचा नाही. आणि चहा टाका. आलं किसून, सहा कप. तुम्ही टाका, या दोघी बसल्यात तिथेच बसतील.